गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो : दोष कुठून शोधायचा?

नळ उघडला, टक-टक आवाज झाला, ज्योत पेटली आणि अंगावर दोन तांबे घेईपर्यंत पाणी पुन्हा गार. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत गॅस गिझरची ही तक्रार घरोघरी असते. मेकॅनिकला फोन केला की तो पहिल्यांदा ‘सेल बदलून बघा’ सांगतो आणि नंतर ‘किट गेलंय’ म्हणतो. दोन्ही खरं असू शकतं, पण बहुतेक वेळा बिघाड याहून साधा असतो आणि घरच्या घरी ओळखता येतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गिझर आपोआप विझतो तेव्हा बऱ्याचदा तो बिघडलेला नसतो, त्याची सुरक्षा-यंत्रणा काम करत असते. पाणी कमी आहे, ज्योत दिसत नाही, आतली तांब्याची नळी जास्त तापली, यांपैकी काहीतरी त्या यंत्रणेला जाणवलेलं असतं. म्हणून तो काहीही करून पेटता ठेवायचा प्रयत्न करू नका. तो का थांबतोय ते शोधा. ही यंत्रणा वगळून सेन्सरची वायर ‘डायरेक्ट’ जोडून देणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला काम देऊ नका.

आत नेमकं काय घडतं

इन्स्टंट गॅस गिझरमध्ये पाण्याची साठवण नसते. नळ उघडला की पाणी वॉटर व्हॉल्व्हमधून वाहतं. त्या प्रवाहामुळे आतल्या रबरी डायफ्रामच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, डायफ्राम एक पिन पुढे ढकलतो आणि पिन मायक्रोस्विच दाबते. मग सेलवर चालणारा कंट्रोल बॉक्स जागा होतो. तो ठिणग्या पाडतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी गॅसची झडप, उघडून बर्नरला गॅस देतो. ज्योत पेटली की तिच्यात शिरलेली धातूची एक बारीक काडी, म्हणजे सेन्सर, कंट्रोल बॉक्सला ‘ज्योत आहे’ असं कळवते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका विद्युतप्रवाह वाहू शकतो. तो मिळाला तर गॅस चालू राहतो आणि काही सेकंदांत नाही मिळाला तर बंद होतो.

याशिवाय ज्यात पाणी तापतं त्या तांब्याच्या हीट एक्स्चेंजरवर एक थर्मल कटऑफ असतो. तांबं ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तो गॅस तोडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये सुमारे 20 मिनिटांचा टायमरही असतो. तुमचा गिझर रोज साधारण 20 मिनिटांनी विझत असेल आणि नळ बंद करून उघडल्यावर लगेच पेटत असेल, तर बिघाड काहीच नाही. तो टायमर काढून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तो का ठेवलाय ते पुढे हवेच्या भागात येईल.

पहिली पायरी : तो कधी विझतो ते बघा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बादली लावून गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि समोर उभं राहून घड्याळात बघा. बाथरूममध्ये गिझर असेल तर दार-खिडकी उघडी ठेवूनच हे करा.

टक-टकही होत नसेल तर दोष पाण्याच्या दाबात, डायफ्राममध्ये, मायक्रोस्विचमध्ये किंवा सेलमध्ये. टक-टक होते पण पेटतच नाही, तर गॅस पोचत नाही किंवा सोलेनॉइड उघडत नाही. ज्योत पेटते, ठिणगी थांबते आणि काही सेकंदांत सगळं बंद, असं असेल तर संशय सेन्सरवर आणि सेलवर. दोन-पाच मिनिटं नीट चालून विझतो, तर कटऑफ, पाण्याचा घटलेला प्रवाह किंवा गॅसचा दाब. स्वयंपाकघरात कुणी नळ उघडला की विझतो, तर निव्वळ पाण्याचा दाब. पावसाळ्यात जोराच्या वाऱ्यात विझतो, तर एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप.

हे निरीक्षण वहीत लिहून ठेवा. मेकॅनिकला ‘गिझर चालत नाही’ सांगण्यापेक्षा ‘पेटल्यावर पाच-सहा सेकंदांत विझतो, सेल नवे आहेत’ असं सांगितलंत तर तो योग्य पार्ट घेऊन येईल आणि नको तो पार्ट बदलणार नाही.

सेल

बहुतेक गिझरमध्ये दोन मोठे, डी साइझचे सेल असतात. प्रत्येकी दीड व्होल्ट, मिळून तीन. सेल उतरले की ठिणगी पडते, पण संथ, थांबून-थांबून. ठिणगी पडल्यामुळे आपल्याला वाटतं सेल ठीक आहेत. पण सोलेनॉइड धरून ठेवायला पुरेसा जोर उरलेला नसतो, म्हणून ज्योत पेटते आणि सुटते. दोन्ही सेल एकदम बदला. एक नवा आणि एक जुना घालू नका. अल्कलाइन सेल घ्या. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असतात. दोन मिळून 2.4 व्होल्टच होतात आणि तेवढ्यावर काही गिझर अडखळतात.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सेलच्या डब्यातल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. नवे सेल घालूनही फरक पडला नाही तर तो थर बघा. सेल काढा, कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून पत्रे पुसा, पूर्ण कोरडे करा आणि स्प्रिंग थोडी ताणून सेल परत बसवा. मे महिन्यात गिझर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा, कारण पावसाळ्यात आत गळलेले सेल अख्खा डबा खराब करतात.

पाणी : मुंबईतलं सगळ्यात मोठं कारण

सहा लिटरचे, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारे, बरेचसे गिझर पेटते राहायला मिनिटाला निदान अडीच-तीन लिटर पाणी लागतं. मोजणं सोपं आहे. पंधरा लिटरची बादली गरम पाण्याच्या नळाखाली ठेवून वेळ लावा. तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला पाच लिटर, उत्तम. पाच मिनिटं लागली तर तुम्ही अगदी कडेला आहात. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी नळ उघडला की गिझर विझेल.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास जास्त का, याचा हिशेब असा. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी डोक्यापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असते, म्हणजे दाब 0.2 ते 0.3 बार. पुष्कळ गिझरची किमान गरज तेवढीच असते. त्यात टाकी अर्धी रिकामी असली, पाइप जुना गंजका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) असला की संपलं. चौथ्या मजल्यावर सुरळीत चालणारा तोच गिझर सातव्या मजल्यावर चालत नाही, यात गिझरचा दोष नसतो. तिथे कमी दाबाला चालणारं मॉडेल घ्यावं लागतं किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. पंप बसवताना गिझरच्या प्लेटवर लिहिलेला कमाल दाब ओलांडला जाणार नाही एवढं बघा.

आता मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ. हा प्रकार मी इतक्या घरांत बघितला आहे की वेगळा सांगतो. पाणी फार गरम येतं म्हणून मिक्सर किंवा शॉवरमध्ये गार पाण्याची बाजू उघडतात. गार पाणी जोरात आलं की गरम बाजूचा प्रवाह घटतो, किमान मर्यादेखाली जातो आणि गिझर विझतो. मग फक्त गार पाणी येतं. घाबरून गार बाजू बंद केली की गिझर पुन्हा पेटतो आणि एकदम कढत पाणी येतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं भाजतात ती इथेच. उपाय हा की गार पाणी मिसळायचंच नाही. गिझरवरची गॅसची गुंडी कमी करा, विंटर-समर बटण असेल तर समरवर न्या, आणि पाणी अंगाला सोसेल इतकंच गरम करून एकाच नळातून घ्या. गॅसही कमी जळतो.

प्रवाह कमी वाटला तर गिझरला पाणी येतं त्या तोंडाशी असलेली छोटी जाळी तपासा. खालचा अँगल कॉक बंद करा, गिझरचा गॅस बंद करा, पाण्याच्या नळीचा नट सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा वगैरे तलावांचं, तसं मृदू असतं, पण इमारतीच्या टाकीतला गाळ आणि पाइपातला गंज त्यात येतोच. सोसायटीने टाकी साफ केली की पुढच्या दोन-चार दिवसांत गिझर विझण्याच्या तक्रारी वाढतात त्या याच जाळीमुळे. शॉवरची चाळणी चोंदली असेल तरी परिणाम तोच. शॉवरवर विझतो आणि खालच्या नळावर चालतो, तर चाळणी काढून धुवा.

प्रवाह चांगला आहे, सेल नवे आहेत, तरी टक-टकच होत नसेल, तर डायफ्राम फाटला असेल, कडक झाला असेल किंवा पिन गंजून अडकली असेल. वॉटर व्हॉल्व्हच्या खालून थेंब गळणं ही त्याची एक खूण. तो बदलणं मेकॅनिकचं काम. याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहिली, तर पिन दाबलेल्या अवस्थेत अडकली आहे. तत्क्षणी गॅसचा कॉक बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत उघडू नका.

सेन्सर

पेटतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो, हे सेन्सरचं ठळक लक्षण. कव्हर काढल्यावर बर्नरच्या तोंडाशी पांढऱ्या चिनी मातीच्या नळीतून निघालेल्या काड्या दिसतात. ठिणगी पाडणाऱ्या काडीचं टोक बर्नरच्या धातूजवळ असतं. सेन्सरची काडी ज्योतीच्या आत शिरलेली असते. तिच्यावर काजळी किंवा गंज चढला की ज्योत असूनही तो सूक्ष्म प्रवाह कंट्रोल बॉक्सपर्यंत पोचत नाही.

गॅसचा कॉक बंद, सेल बाहेर, गिझर पूर्ण थंड, मगच हात लावा. बारीक पॉलिश पेपरने काडी हलकेच घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. चिनी मातीची नळी तडकलेली नाही ना ते बघा, कारण तडा गेला की प्रवाह बॉडीत उतरतो. काडी वाकून ज्योतीबाहेर गेली असेल तर कळेलच. मग तिच्या वायरची पिन सैल आहे का आणि कंट्रोल बॉक्सची जी वायर बॉडीला स्क्रूने जोडली आहे तिथे गंज आहे का, ते बघा. समुद्राजवळच्या घरांत हा अर्थिंगचा स्क्रू गंजणं नेहमीचं, आणि मेकॅनिक मात्र थेट कंट्रोल बॉक्स बदलून मोकळा होतो. स्क्रू काढून साफ करून परत घट्ट बसवा, मग निर्णय घ्या. एवढं करूनही तेच होत असेल तर कंट्रोल बॉक्स किंवा सोलेनॉइड, आणि तिथून पुढे मेकॅनिक.

स्वयंपाकघरातल्या नव्या बिल्ट-इन हॉबचंही (ओट्यात बसवलेल्या शेगडीचंही) जवळपास असंच आहे. बटण दाबून धरलं की जळतो, सोडलं की विझतो. तिथे थर्मोकपल असतं. ज्योतीने टोक तापलं की ते 20-30 मिलिव्होल्ट निर्माण करतं आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. दूध उतू जाऊन टोकावर थर बसला की ते तापत नाही. टोक साफ करा, बर्नरची टोपी नीट खाचेत बसवा, पेटवल्यावर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. बहुधा एवढ्याने काम होतं.

गॅस

सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरावर तासाला एक किलोच्या आसपास एलपीजी घेतो. शेगडीच्या बर्नरपेक्षा हे कितीतरी पट जास्त. म्हणून सिलिंडर संपत आला की शेगडी चालते आणि गिझर विझतो. तपासायचं असं : शेगडीचा एक बर्नर मोठा ठेवा आणि कुणाला तरी गिझर चालू करायला सांगा. शेगडीची ज्योत एकदम बसली तर गॅस कमी पडतोय. सिलिंडर बघा, रेग्युलेटर बघा, नळी कुठे दुमडली आहे का ते बघा. नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. गिझरसाठी बाथरूमपर्यंत नेलेली लांबलचक रबरी नळी मुळात चूक आहे. तिथे तांब्याची किंवा जीआयची पक्की लाइन आणि शेवटी स्वतंत्र कॉक हवा.

इमारतीत महानगर गॅसची पाइपलाइन आली आणि त्यानंतर गिझर विझायला लागला, असंही होतं. घरगुती रेग्युलेटरमधून एलपीजी सुमारे 30 मिलिबारने येतो, पाइपचा गॅस 21 मिलिबारने. शिवाय पाइपच्या गॅसमध्ये आकारमानाच्या मानाने उष्णता बरीच कमी, म्हणून त्याच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोंडांची, छिद्रं मोठी असतात. एलपीजीचा गिझर तसाच पाइपच्या गॅसला जोडला तर ज्योत लहान, अशक्त राहते आणि विझते. उलट केलं, तर ज्योत पिवळी आणि प्रमाणाबाहेर मोठी होते, काजळी धरते, आणि ते जिवावर बेतू शकतं. गिझरच्या प्लेटवर कुठला गॅस ते लिहिलेलं असतं. बदल कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. ड्रिलने छिद्र मोठं करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कुठलाही नट हलवला असेल तर साबणाच्या फेसाने सांधे तपासा. बुडबुडा आला तर गळती. वास आला तर कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंच बटण चालू-बंद करू नका. एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, तो घरात ठळक लिहून ठेवा.

चार मिनिटं चालून विझतो

मुंबईत उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं. गॅस पूर्ण आणि पाणी बारीक ठेवलं की तांबं भराभर तापतं आणि कटऑफ पडतो. गॅस कमी करून बघा. जिथे टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी वापरतात तिथे तांब्याच्या नळीत क्षारांचा थर बसतो आणि कटऑफ वारंवार पडतो. पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर क्षारच. हीट एक्स्चेंजर सायट्रिक अ‍ॅसिडने धुऊन घ्यावा लागतो. त्याच्या पंखांमध्ये, म्हणजे तांब्याच्या पातळ पट्ट्यांमध्ये, वरून काजळी दिसली तर मात्र थांबा. हवेचा भाग वाचल्याशिवाय तो गिझर वापरू नका.

हवा

एक किलो एलपीजी जळायला साधारण 13 घनमीटर हवा लागते. आता आपलं बाथरूम मोजा. चार फूट बाय सहा फूट आणि नऊ फूट उंची, म्हणजे सहा घनमीटरच्या आसपास. दार-खिडकी बंद असताना आत लावलेला गिझर अर्ध्या तासात अख्ख्या बाथरूमइतकी हवा वापरतो. पण तोवर वेळ जातच नाही. त्याच्या कितीतरी आधी हवेतला प्राणवायू घटतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला मुद्दाम दिलेला वास जळून गेलेला असतो, त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात आणि कडी काढण्याचंही त्राण उरत नाही. तो 20 मिनिटांचा टायमर ठेवलाय तो याचसाठी.

म्हणून गिझर बाथरूममध्ये नको. ज्या बाल्कनीला वारा लागतो तिथे किंवा मोकळ्या डक्टकडे तोंड असलेल्या बाहेरच्या भिंतीवर लावा, आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा लावून ती खोली केली असेल, तर ती बाल्कनी राहिली नाही, हे लक्षात घ्या. आत लावणं टळतच नसेल तर धुराचा पाइप इमारतीबाहेर काढलेला हवा, खाली ताजी हवा येण्याची उघडी जाळी हवी, आणि थंडी वाजते म्हणून त्या जाळीला कुणी पुठ्ठा लावता कामा नये. पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्यात विझणाऱ्या गिझरच्या पाइपच्या तोंडाला टोपी बसवा. तोंड बंद करू नका.

ज्योत निळी हवी. पिवळी, डोलणारी ज्योत दिसली की वापर थांबवा. बर्नरच्या हवेच्या छिद्रांत कोळ्याचं जाळं किंवा झुरळांची घाण अडकलेली असते, तीही ज्योत पिवळी करते. मेकॅनिककडून बर्नर खोलून साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सेलवर चालणारा मिळतो, तो लावा. आंघोळीला गेलेल्या माणसाला चक्कर आली, डोकं दुखतंय असं त्याने सांगितलं, तर ती थंडी-पित्त समजू नका. त्याला उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा आणि घरात गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुरुस्तीनंतर

मेकॅनिक निघण्याआधी त्याच्यासमोर नळ तीन-चार वेळा उघडा-बंद करा. दर वेळी ज्योत लगेच पेटायला आणि नळ बंद होताच विझायला हवी. मग दहा मिनिटं सलग चालवा, ज्योतीचा रंग बघा, साबणाचा फेस लावा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. सगळ्यात शेवटी सेन्सरची आणि कटऑफची वायर जागेवर जोडलेली आहे, ती कुठे पिळून जोडून टाकलेली नाही, हे कव्हर बंद करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.